तोतया बँकेचे पत्र

व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आम्हांस विषय विचारला, तेव्हा नव्या कामगार संहितांवर आम्ही काहीतरी बोलू अशी त्यांची अटकळ असावी. आम्ही बँकेच्या नावाने येणाऱ्या खोट्या मेलचा विषय सांगितला, तेव्हा त्यांच्यापैकी एक जण हसून म्हणाले, "अहो, हे काम संगणकवाल्यांचे. तुमचे नव्हे." त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. आमचे शाळेतले शिक्षण नववीला संपले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकाशी, सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर झाले. संगणक आम्ही चाळिशी उलटल्यावर शिकलो, तोही संघटनेच्या कचेरीतल्या एका पोराकडून.

परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या टेबलासमोर येऊन बसणाऱ्या माणसांची तऱ्हा बदलली आहे. पूर्वी माणूस येई तो हातात आरोपपत्र घेऊन, नाहीतर ओव्हरटाइमचा हिशेब घेऊन. आता तो फोन हातात घेऊन येतो आणि बराच वेळ बोलतच नाही. ग्रॅच्युइटीच्या ज्या रकमेसाठी आम्ही वर्षानुवर्षे तारखा केल्या, ती रक्कम एका संध्याकाळी कोणा भामट्याच्या खात्यात गेलेली असते. मिळवून देणे हे संघटनेचे काम असेल, तर मिळालेले राखणे हेही तिचेच काम, असे आम्हांस वाटते.

आमचे एक जुने सोबती आहेत. तेहेतीस वर्षे त्यांनी टर्नर म्हणून काम केले. मायक्रोमीटरवर शतांश मिलिमीटरचा फरक ज्यांच्या नजरेतून सुटत नसे, असा माणूस. निवृत्त होऊन त्यांना आठ महिने झाले होते. दुसरा शनिवार होता, म्हणजे बँक बंद आणि दुसऱ्या दिवशी रविवार. संध्याकाळी त्यांच्या फोनवर मेल आला. वर बँकेचे बोधचिन्ह, खाली कोणा व्यवस्थापकाची सही. मजकूर असा की, आपली केवायसीची कागदपत्रे अपुरी आहेत, २४ तासांत पूर्तता न झाल्यास खाते गोठवण्यात येईल. खाली एक निळे बटण. त्यांनी ते दाबले. उघडलेले पान बँकेचेच दिसत होते. त्यात त्यांनी नाव, पासवर्ड आणि मोबाइलचा क्रमांक भरला. क्षणभरात फोनवर ओटीपी आला, तोही भरला. पानावर चक्र फिरत राहिले आणि "पुन्हा भरा" अशी सूचना आली. दुसरा ओटीपी आला, तोही भरला. दहा मिनिटांनी खात्यातून ९८ हजार रुपये गेल्याचा संदेश आला.

इथपर्यंतची हकीकत आपण पुष्कळदा ऐकली असेल. पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. त्या रात्री त्यांना कळून चुकले होते. पण रविवारी सकाळी फोन आला, "आम्ही बँकेतून बोलतो, आपली रक्कम तपासणीसाठी अडकली आहे, परत जमा करण्यासाठी आणखी एक आकडा येईल तो सांगा." आणि त्यांनी तो सांगितला. आणखी ७० हजार गेले. "का सांगितलात?" असे आम्ही विचारले, तेव्हा ते म्हणाले, "खरे असावे असे वाटले हो." त्यांनंतर नऊ दिवस त्यांनी घरात अक्षर काढले नाही. रोज सकाळी फिरायला म्हणून निघत आणि बँकेच्या समोरच्या कट्ट्यावर बसून परत येत. आत जाण्याचे धैर्य त्यांना झाले नाही.

ही हकीकत सांगताना सभेत कोणीतरी हसतेच. हसणाऱ्यांसाठी आम्ही स्वतःचीही गोष्ट सांगून टाकतो. सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचा, असे कामगारांना सांगण्यात आमची हयात गेली. तरीही एका मार्च महिन्यात, कराच्या परताव्याचा मेल आला असता, आम्ही बटण दाबून मोकळे झालो होतो आणि खाते क्रमांकाचे अर्धे आकडेही लिहिले होते. तेवढ्यात चहावाला पोरगा आला आणि सुटे पैसे मागू लागला. पैसे शोधण्यात दोन मिनिटे गेली, आणि परत फोनकडे पाहिले तेव्हा मनात आले की, आम्ही परतावा मागितला कधी? अक्कल आम्हांस आधीही होती. दोन मिनिटे मात्र नव्हती.

या प्रकाराला इंग्रजीत फिशिंग म्हणतात. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत हा शब्द रूढ झाला. गळ टाकून मासा धरण्याची कल्पना त्यात आहे. आम्हांस मात्र आपल्याकडचा जुना शब्द अधिक नेमका वाटतो, तो म्हणजे तोतया. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, आणि काही वर्षांनी "मीच भाऊ" म्हणत एक माणूस उभा राहिला. त्याने कैद भोगली, सुटला, कोकणात किल्ले घेतले, फौज जमवली, आणि अखेर १७७६ साली त्याला देहांत शिक्षा झाली. इतका काळ त्याचे चालले कसे? चेहऱ्याचे साम्य हे एक कारण झाले. पण भाऊ परत यावेत अशी हजारो माणसांची मनापासून इच्छा होती, हे त्याहून मोठे कारण. आमच्या टर्नर सोबत्यांचे "खरे असावे असे वाटले" हे वाक्य ऐकले तेव्हा आम्हांस तो इतिहास आठवला. आजचा कायदाही या गुन्ह्याला तोतयेगिरीच म्हणतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ड संगणकाच्या साधनाने तोतयेगिरी करून फसवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते.

आता तोतया ओळखायचा कसा? पहिली गोष्ट ही की, चेहऱ्यावरून ओळखू जाऊ नये. बँकेचे बोधचिन्ह, तिचा रंग, तळाशी छापलेला मुख्य कचेरीचा पत्ता, या साऱ्याची नक्कल बोटाच्या एका दाबाने होते. लोक आम्हांस मेल दाखवतात आणि म्हणतात, "बघा, चिन्ह तंतोतंत आहे." तंतोतंत असायचेच, कारण ते बँकेच्याच पानावरून उचललेले असते.

शुद्धलेखनाच्या चुकांवरून खोटे पत्र ओळखावे, असा सल्ला पूर्वी देत असत. एके काळी तो बरा होता. २०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर दरोडा पडला, त्यात असा एक प्रसंग आहे. चोर बँकेच्या संगणकात शिरले होते ते तिच्या कर्मचाऱ्यांना पाठवलेल्या खोट्या मेलच्या वाटेने. नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या माणसाचे ते पत्र होते आणि त्यात अर्ज पाहण्यासाठी एक दुवा होता. पुढे चोरांनी न्यूयॉर्कमधल्या खात्यातून पैसे काढण्याचे हुकूम सोडले, तेही गुरुवारी रात्री, कारण बांगलादेशात शुक्रवारी सुटी असते. एका हुकुमात त्यांनी 'फाउंडेशन' या शब्दाचे स्पेलिंग चुकवले. त्यावरून संशय आला आणि श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी डॉलर अडले. फिलिपिन्सकडे गेलेल्या ८ कोटी १० लाख डॉलरांच्या हुकुमांत चूक नव्हती. ते गेले. बँकेच्या आतली शिकलेली माणसेही अशा मेलने फसतात, हे आमच्या टर्नर सोबत्यांना आम्ही मुद्दाम सांगितले. आणि आता तर यंत्रच निर्दोष इंग्रजी आणि निर्दोष मराठी लिहून देते. एके काळी आमच्या लोकांना येणारे खोटे मेल इंग्रजीत असत आणि ते न वाचल्यामुळे काही जण वाचले. ती ढाल आता गेली.

तिसरी खोटी कसोटी कुलपाची. न्याहाळकात पत्त्याशेजारी छोटे कुलूप दिसले म्हणजे पान सुरक्षित, असे कित्येक सुशिक्षितही समजतात. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की, तुमच्या फोनपासून त्या पानापर्यंत मजकूर बंद लिफाफ्यातून जातो, वाटेत कोणी वाचत नाही. लिफाफा ज्याच्या हाती पडतो तो सावकार की चोर, हे कुलूप सांगत नाही. चोरालाही असे कुलूप फुकट मिळते.

मग पाहायचे काय? दोन गोष्टी. पत्र कुठून आले आणि कुठे नेते ही एक, आणि ते मागते काय ही दुसरी.

पाठवणाऱ्याच्या नावापासून सुरुवात करू. मेलच्या माथ्यावर जे नाव दिसते ते पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेले असते. पोस्टाच्या पाकिटावर मागच्या बाजूस आपण "प्रेषक" म्हणून काहीही लिहू शकतो, पोस्टमन ते तपासत नाही. तसेच हे. ई-मेल पोचवण्याचे मूळ नियम १९८२ साली अमेरिकेत लिहिले गेले. तेव्हा ते जाळे वापरणारे विद्यापीठांतले आणि संशोधन संस्थांतले थोडे लोक होते आणि त्यांचा एकमेकांवर विश्वास होता, म्हणून प्रेषक खरा की खोटा हे तपासण्याची सोय त्या नियमांत ठेवलीच नाही. ही उणीव पुढे ध्यानात आली. आता खऱ्या बँका आपली पत्रे कोणत्या यंत्रांवरून निघतात याची यादी जाहीर करतात, पत्रावर एक गुप्त मोहोर उमटवतात, आणि जीमेलसारख्या सेवा ती ताडून पाहतात. त्यामुळे हुबेहूब बँकेच्या पत्त्यावरून खोटे पत्र पाठवणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. म्हणून भामटा काय करतो, तर नाव बँकेचे लिहितो आणि पत्ता दुसराच, पण जवळपास दिसणारा, विकत घेतो. फोनवर आपणांस केवळ नाव दिसते. त्या नावावर बोट ठेवले की खरा पत्ता उलगडतो. 'ॲट' या चिन्हाच्या पुढे जे असते ते वाचावे.

पत्ता वाचायची रीत आम्ही कचेरीत अशी शिकवतो. वडगाव म्हटले तर कोणते वडगाव? मावळातले, की कोल्हापूरकडचे पेठ वडगाव? नुसत्या गावाच्या नावावरून काही कळत नाही. तालुका आणि जिल्हा पाहावा लागतो आणि तो पत्त्याच्या शेवटी असतो. इंटरनेटचा पत्ताही असाच, उजवीकडून डावीकडे वाचायचा. दुव्याच्या पत्त्यात आरंभी दोन तिरप्या रेघा असतात. त्यांनंतर पहिली एकटी तिरपी रेघ येते, तिथे थांबावे. त्या रेघेच्या लगेच डावीकडचे शेवटचे दोन शब्द, आणि शेवट 'को डॉट इन' किंवा 'बँक डॉट इन' असा असेल तर तीन शब्द, हा त्या पत्त्याचा जिल्हा. त्याच्या अलीकडे बँकेचे नाव दहा वेळा लिहिले तरी ते केवळ वाडीचे नाव. समजा पत्ता असा आहे: 'आमचीबँक डॉट बँक डॉट इन डॉट पडताळणी डॉट कॉम'. यात बँकेचे नाव आहे, 'बँक डॉट इन' आहे, सगळे आहे. परंतु जिल्हा कोणता? 'पडताळणी डॉट कॉम'. म्हणजे जागा त्या पडताळणीवाल्याची, बँकेची नव्हे. आमच्याकडच्या एका हेल्परने ही रीत दोन दिवसांत उचलली आणि आता तो आपल्या मुलीच्या कॉलेजातल्या मास्तरांना शिकवतो, असे ऐकतो.

बटणामागचा पत्ता न दाबताही दिसतो. संगणकावर बाण नुसता बटणावर नेऊन थांबवावा, कोपऱ्यात पत्ता उमटतो. फोनवर बोट टेकून धरून ठेवावे, टिचकी मारू नये. दिसणाऱ्या अक्षरांत एक पत्ता आणि आत दुसराच, हा प्रकार सर्रास असतो.

अक्षरांचा खेळही ध्यानात ठेवावा. इंग्रजी 'आर' आणि 'एन' जोडून लिहिले की 'एम'सारखे दिसते. 'ओ'च्या जागी शून्य आणि 'एल'च्या जागी एकचा आकडा खपून जातो. रशियन लिपीतला एखादा 'ए' तर इंग्रजी 'ए'शी इतका मिळताजुळता असतो की डोळ्यांनी ओळखणे अशक्यच. साठीच्या माणसाने चष्मा पुसून फोनच्या पडद्यावर हा फरक शोधावा अशी अपेक्षा आम्ही करीत नाही. म्हणून रिझर्व्ह बँकेने जे केले ते आम्हांस विशेष मोलाचे वाटते. एप्रिल २०२५ मध्ये तिने हुकूम काढला की, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांनी आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यावर न्यावीत. हा शेवट बाजारात कोणालाही विकत मिळत नाही. तो बँकांनाच मिळतो, आणि हैदराबादची आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेने स्थापलेली संस्था त्याची नोंदणी करते. पुष्कळ खातेदारांना ही गोष्ट ठाऊकच नाही. बँकांनी दारावर मोठा फलक लावून ती सांगावयास हवी होती. कर्जाच्या जाहिरातीला भिंत मिळते, याला मिळत नाही.

आता दुसरी गोष्ट, म्हणजे पत्र मागते काय. आम्हांस विचाराल तर खरी पारख इथेच आहे, आणि तिला चष्मा लागत नाही. तुमचा पासवर्ड, ओटीपी, पिन, कार्डामागचे तीन आकडे यांपैकी काहीही बँक तुमच्याकडे मेलने वा फोनने मागत नाही. तिला त्यांची गरजच नसते. तुमच्या खात्याच्या किल्ल्या त्या. दुकानाचा मालक कधी गिऱ्हाइकाला विचारतो काय, की माझ्या दुकानाची किल्ली जरा दाखवता का? जे पत्र या किल्ल्या मागते, ते कितीही गोजिरवाणे असो, खोटे.

मागण्याची तऱ्हाही पाहावी. या साऱ्या पत्रांत एक तर भय असते, नाहीतर लोभ, आणि दोन्हींत घाई असते. खाते बंद होईल, पॅन जोडले नाही, बक्षिसाचे गुण आज रात्री बाद होतील, कराचा परतावा अडला आहे. घाई हेच त्या धंद्याचे भांडवल. आम्ही आजवर शेकडो नोटिसा वाचल्या आहेत, व्यवस्थापनाच्या, सरकारच्या, न्यायालयाच्या. कठोरात कठोर नोटिशीतही जावक क्रमांक असतो, कोणत्या कागदाच्या आधारे ती निघाली ते लिहिलेले असते आणि खुलाशाला मुदत असते. सत्ता ज्याच्या हाती खरोखर असते त्याला रात्रीतून उरकण्याची निकड नसते. खऱ्या बँकेत केवायसीचे काम राहिले असेल तर सोमवारी शाखेत जाऊन ते होते.

ओटीपीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण सर्वांत अधिक गैरसमज येथे आहे. कार्डाने इंटरनेटवर पैसे देताना कार्डावरच्या आकड्यांखेरीज आणखी एक खूण द्यावी, असा नियम रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून लागू केला. पुढे फोनवर येणारा ओटीपी आपल्या अंगवळणी पडला. त्यामुळे नुसता पासवर्ड चोरून भागेनासे झाले. मग भामट्यांनी काय युक्ती केली? तुम्ही खोट्या पानावर नाव आणि पासवर्ड लिहिता, त्याच क्षणी दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस, किंवा त्याचे यंत्र, ते बँकेच्या खऱ्या पानावर लिहितो. खरी बँक नियमाप्रमाणे तुमच्या फोनवर खरा ओटीपी धाडते. तुम्ही म्हणता, "बघा, ओटीपी बँकेकडून आला, म्हणजे पान बँकेचेच." आमच्या सोबत्यांचा घात याच विचाराने केला. ओटीपी खराच होता. तो विचारणारा खोटा होता. त्या संदेशातच पुष्कळदा लिहिलेले असते की, हा आकडा नवा लाभार्थी जोडण्यासाठी आहे, किंवा अमुक इतके रुपये पाठवण्यासाठी आहे. केवायसीसाठी मागितलेल्या आकड्यावर "९८ हजार रुपये पाठवण्यासाठी" असे लिहिलेले होते. त्यांनी आकडा वाचला, ओळ वाचली नाही. आम्ही नंतर त्यांना तो संदेश दाखवला, तेव्हा त्यांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

जोडपत्राबद्दल दोनच शब्द. बँकेच्या नावाने आलेली फाइल उघडू नये. तिच्यात कधी बँकेचे खोटे पान असते, कधी फोनचा ताबा घेणारे ॲप. पत्रातल्या चौकोनी ठिपक्यांच्या क्यूआर चित्राचेही तसेच. तोही एक दुवाच, फक्त डोळ्यांना न वाचता येणारा. बँकेकडे जायचे तर आपल्या वाटेने जावे. पासबुकावर किंवा कार्डाच्या पाठीवर छापलेला क्रमांक फिरवावा, किंवा नेहमीचे ॲप उघडावे. पत्र दाखवील त्या वाटेने जाऊ नये.

आणि फसलोच तर? इथे आम्हांस थोडे कडक बोलावे लागेल, फसलेल्याला नव्हे, त्याच्या भोवतालच्यांना. १९३० हा क्रमांक सरकारने याच कामासाठी ठेवला आहे. तिथे कळवले की पैसे ज्या खात्यांत गेले ती खाती पुढच्या बँकांकडून गोठवण्याची खटपट होते. चोर रक्कम तासाभरात चार-पाच खात्यांतून फिरवून काढून घेतो, म्हणून पहिला तास सर्वांत मोलाचा. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. त्याबरोबर बँकेला लेखी कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक घ्यावा. क्रमांक न घेता परतणे म्हणजे तक्रार न करणे. हे आम्ही संघटनेच्या अनुभवावरून सांगतो.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी याविषयी एक परिपत्रक काढले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांसाठीही तसेच काढले. त्यात असे ठरले की, चूक बँकेची असेल तर ग्राहकाचा तोटा शून्य. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्या यंत्रणेतली आहे, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरी त्याचा तोटा शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर साध्या बचत खात्याच्या ग्राहकावर जास्तीत जास्त १० हजारांपर्यंत बोजा. ग्राहकानेच आपली किल्ली दिली असेल तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. आणि ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर. अशा नियमांत वेळोवेळी दुरुस्त्या होतात, म्हणून आजचा नेमका नियम शाखेत मागून घ्यावा. तो दाखवणे त्यांचे कर्तव्य आहे. आमच्या सोबत्यांनी शनिवारी रात्रीच कळवले असते, तर खाते बंद होऊन रविवारचे ७० हजार बहुधा गेलेच नसते, आणि गेले असते तरी हिशेब बँकेच्या माथी मागता आला असता. लाजेची किंमत या प्रकरणात रुपयांत सांगता येते.

किल्ली दिली म्हणजे सारे संपले, असेही समजू नये. तामिळनाडूत एका ग्राहकाने अशाच मेलला उत्तर देऊन पैसे गमावले होते. तो स्वस्थ बसला नाही. एप्रिल २०१० मध्ये तेथील न्यायनिर्णय अधिकाऱ्यांनी बँकेने पुरेशी दक्षता घेतली नाही असे ठरवून १२ लाख ८५ हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली प्रत्येक राज्यात असे अधिकारी असतात आणि ५ कोटींपर्यंतचे दावे त्यांच्यापुढे चालतात. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि त्याला फी नाही. नवख्या खात्यात एकाएकी लाखभर रुपये चालले आहेत हे बँकेच्या यंत्राला का खटकू नये, हा प्रश्न विचारण्याचा हक्क फसलेल्यालाही आहे. "तुम्हीच ओटीपी दिलात" एवढे सुनावून खिडकी बंद करणारे अधिकारी आम्ही पाहिले आहेत. त्यांना आम्ही परिपत्रकाची प्रत नेऊन देतो.

व्याख्यानानंतर एका भगिनीने विचारले की, असा मेल नुसता उघडून वाचला तर पैसे जातात काय? वाचल्याने सहसा काही जात नाही. दुवा दाबला पण काही लिहिले नाही, कोणतीही फाइल घेतली नाही, तर पान बंद करावे आणि खात्यावर लक्ष ठेवावे. पासवर्ड लिहून गेला असेल तर दुसऱ्या फोनवरून वा संगणकावरून तो ताबडतोब बदलावा, आणि तोच पासवर्ड आणखी कुठे वापरत असाल तर तिथेही बदलावा. एखादे ॲप फोनमध्ये शिरले असेल तर फोनचे इंटरनेट बंद करून दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवावे. मेल मात्र रागाच्या भरात पुसून टाकू नये. बँकेला आणि पोलिसांना तो पुरावा म्हणून लागतो.

त्या बाईंनी मग हळूच सांगितले की, प्रश्न त्यांच्या यजमानांचा आहे, आणि ते मागे शेवटच्या रांगेत बसले आहेत. आम्ही खाली उतरून त्यांच्याजवळ गेलो. मेल आदल्या दिवशी दुपारी आला होता, पैसे संध्याकाळी गेले होते. तीन दिवसांची मुदत अजून उलटलेली नव्हती. सभागृहाच्या पायरीवर बसूनच आम्ही १९३० ला फोन लावला.